पत्रातला उमेदवार

आबांना जाऊन एक महिना आणि चार दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्या नावाचं ते पत्र आलं. गेलेल्या माणसाच्या नावाने पत्रं येत राहतात हे एव्हाना मला कळलं होतं. विमा कंपनीचं आलं होतं, वेंगुर्ल्याहून कोणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण आलं होतं. पोस्टमन ती हातात देताना माझ्याकडे बघायचा नाही. पण हे पाकीट लांबट आणि जाड होतं, आणि वर मुंबईच्या एका संस्थेचं नाव छापलेलं होतं. ते नाव मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मालवणच्या वाचनालयात मी त्या संस्थेची जाहिरात वाचली होती. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तिथे दोन वर्षं धंद्याचं व्यवस्थापन शिकवणार होते. ती जाहिरात मी वहीत उतरवून घेतली आणि कोणाला सांगितलं नाही.

पत्र मी पडवीत उभ्यानेच वाचलं. इंग्रजीत होतं, चारच वाक्यांचं. आपल्या १६ जानेवारीच्या पत्रात वर्णन केलेल्या उमेदवाराविषयी कळवण्यात येते की, प्रवेशासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आवश्यक आहे. ही अट पुरी होत असल्यास उमेदवाराचं वय किंवा आजवरचा निराळा पेशा ही अडचण मानली जात नाही. अशा अनुभवाचं आम्ही स्वागतच करतो. निवड लेखी परीक्षा आणि मुलाखत यांवरून होते. सोबतचा अर्ज ३० एप्रिलपर्यंत पोचावा.

सोबत अर्ज होता. एकच.

उमेदवाराचं नाव पत्रात कुठेच नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, अर्जाची पानं पुन्हा चाळली. मग आत जाऊन आबांच्या खुर्चीवर बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने म्हणते आहे, "आबांना कसं कळलं?"

माझं वय तेव्हा बत्तीस. गणित घेऊन बी.ए. झाले होते, मग शिक्षकीसाठी बी.टी. केलं होतं आणि अकरा वर्षं गावातल्या हायस्कुलात शिकवत होते. आबा मालवण बंदरात बोट कंपनीचे बुकिंग एजंट होते. आमच्या बंदरात खडक फार, त्यामुळे मुंबईची बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर समुद्रात उभी राहते आणि माणसं, ट्रंका, फणस, आंब्याच्या पेट्या असं सगळं पडावात भरून तिथवर न्यावं लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी आबांच्या मदतीला बसायची. सामानाची फार गफलत व्हायची. माणूस पहिल्या पडावात, त्याची ट्रंक तिसऱ्यात, आणि मुंबईला उतरल्यावर हातात भलत्याच कोणाचं तरी बोचकं. मी एका सुट्टीत दर पडावाला एक रंगाचा खडू ठरवून दिला आणि तिकिटाचे शेवटचे दोन आकडे सामानाच्या प्रत्येक नगावर घालायला लावले. शाळेत खडूंना तोटा नव्हता. आबांनी ती पद्धत मग बाराही महिने चालू ठेवली. शाळेतल्या वर्गसमीकरणांपेक्षा मला ते काम आवडायचं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कोणी विचारलंही नाही.

आमच्याकडे बाहेर पडणाऱ्या माणसाला 'खंय?' असं विचारत नाहीत. विचारलं तर काम होत नाही म्हणतात, आणि समुद्रावर जाणाऱ्याला तर मुळीच नाही. आबांची यात गंमत व्हायची, कारण त्यांचा पेशाच लोकांना कुठे जायचं ते विचारण्याचा. ते खिडकीतून नुसते भुवया वर करायचे, फार तर "लांबचां की जवळचां?" म्हणायचे. मग उतारूच सांगायचा, विजयदुर्ग, जयगड, मुंबई. घरातलं कोणी जाणार असलं तर आबा त्याचं नावही घ्यायचे नाहीत. कंपनीला चिठ्ठी लिहायचे, 'घरचं एक माणूस, गुरुवारच्या बोटीने.' म्हणून पत्रात नाव नाही याचं मला नवल वाटलं नाही. जाणाऱ्याचं नाव आबांनी लिहिलं नसणारच. प्रश्न एवढाच होता की जाणारं कोण.

पहिले दोन-तीन दिवस मला तो प्रश्नच पडला नाही. मी धरूनच चालले होते. माझी वही त्यांच्या हाती लागली असणार. हिवाळ्यात ते माझं बीजगणिताचं पुस्तकही घेऊन गेले होते, "वेळ जाणा नाय" म्हणून. तेव्हाच चाळताना काही सापडलं असेल. मला न विचारता त्यांनी चौकशी केली आणि उत्तर येण्याआधी ते गेले. मी ते पत्र पुस्तकात ठेवायची, काढून वाचायची. 'अशा अनुभवाचं आम्ही स्वागतच करतो.' त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं असेल?

मग मी माझी शक्यता मोजायला लागले. एखाद्या हुशार मुलीला मी म्हटलं असतं, बाई, गणित चांगलं आहे, लेखी परीक्षेत तू मागे पडणार नाहीस. दुसऱ्या बाजूला, मुलाखतीला माझ्याबरोबर असणार कंपन्यांमधले तरुण, इंजिनिअर, टाय लावलेले. त्यांच्यात मी नऊवारी सोडून दहा वर्षंच झालेली, इंग्रजी वाचते पुष्कळ, बोलते कोणाशी? शेवटी हेडमास्तरांना विचारलं. नाव न घेता विचारलं, आमच्या घरातलं एक माणूस म्हणून. मीही आबांचीच मुलगी.

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "व्यवस्थापन शिकायला दोन वर्षं? मग मी इथे एकवीस वर्षं काय करतोय?"

"ते मलाही कधी कधी वाटतं, सर."

ते हसले. "माणूस पुरुष आहे की बाई?"

"फरक पडतो?"

"पुरुष असला तर पन्नास टक्के. बाई असली तर पस्तीस. आपल्याकडे पस्तिसाला पास करतात, म्हणून पस्तीस."

मी पस्तीस टक्के घेऊन घरी आले.

शिमग्याला हरी आला. हरिश्चंद्र माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बी.एस्सी. होऊन मुंबईत एका गिरणीच्या रंगखात्यात होता. आमच्या घरी त्या वर्षी सण नव्हता, पण शिमग्याला मुंबईकर गावी येतात आणि रजा आधीच मंजूर झालेली होती. दारात ट्रंक आणि पिशवी ठेवली आणि तो खोकला. पुष्कळ वेळ खोकला. रुमाल खिशात घालताना मला त्याची नखं दिसली, कडेला निळी झालेली.

"बाय, तू वाळलंस गो," तो म्हणाला.

"आणि तू काय जाडो झालंस? आरशात बघतंस काय?"

"खोलीत आरसो एक आणि माणसां चार. माझी पाळी येयपर्यंत गाडी चुकता."

दुपारी आई मागच्या दारी ओले काजू चिरत बसली होती, बोटांना खोबरेल लावून. आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो आणि मी हरीला पत्र दाखवलं. तो उमेदवार कोण याबद्दल मी काही बोलले नाही. मला वाटलं, तो वाचेल आणि माझ्याकडे बघेल.

त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद गुडघ्यावर ठेवून समोरच्या माडाकडे बघत राहिला. डोळे भरलेले होते.

"माका वाटला नाय हो तेंनी मनावर घेतला असात म्हणान," तो म्हणाला.

मी विचारलं, "काय मनावर घेतला?"

"गणपतीक मी इल्लंय ना, तेव्हा आमी दोघा धक्क्यापर्यंत चलत गेलो. वाटेत माका विचारल्यानी, हरी, माणसाक अर्ध्यात धंदो बदलूक येता काय रे? मी म्हटलंय, येता. न येवक काय झाला? तर म्हणाले, मगे बघूया."

"आणि तू काय सांगितलंस तेंका? रंगखात्याचां?"

"सांगूक कित्याक व्हया? खोकलो आयकत होते ना."

आईने काजू चिरता चिरता मान वर केली. "तुमी दोघा उगीच. तेंकाच शिकूक जावचां असात."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हसलो. तेराव्यानंतर त्या घरात आम्ही पहिल्यांदा हसलो असू. सत्तावन्न वर्षांचे आबा, टोपी घालून, टायवाल्यांच्या वर्गात! हरीला हसता हसता ठसका लागला. आईने विळीवर पुन्हा मान घातली.

ते दोन दिवस माझ्या डोक्यात नुसता गोंधळ होता. प्रत्येक आठवण दोन्हीकडे वळत होती. आबांनी माझं बीजगणित नेलं होतं; पण हरीला परीक्षेत काय विचारतील हे बघायलाही नेलं असेल. 'आजवरचा निराळा पेशा' म्हणजे शाळा असेल, पण रंगखातंही असेल. आम्ही दोघेही पदवीधर होतो. आणि दोघांनी मिळून जाता येणार नव्हतं. घर दोघांच्या पगारावर चाललेलं, आणि आई एकटी. एकाने नोकरी धरून राहायला हवं होतं. आबांनी कोणाला निवडलं होतं?

आता लिहिताना मला हे विचित्र वाटतं. मला जायचं होतं की नाही, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. आबांना काय हवं होतं, एवढंच विचारत होते. ते एकदा कळलं असतं तर माझ्या पस्तीस टक्क्यांचे साठ झाले असते असं मला खरोखर वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मी हरीला अर्ज दिला. रात्रभर तो खोकत होता म्हणून दिला, आणि आबांनी त्याला 'बघूया' म्हटलं होतं, मला काहीच म्हटलं नव्हतं, म्हणून दिला. "तूच भर," मी म्हटलं. "तुझ्याचसाठी विचारल्यानी असतले."

"तुका नको?"

"माझी शाळा आसा."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला असं मला वाटलं. पण त्याने घेतला.

गुरुवारी त्याची बोट होती. मी त्याला पोचवायला धक्क्यावर गेले. खिडकीत आता नवा एजंट बसतो, लांज्याकडचा आहे. तो प्रत्येकाला खणखणीत आवाजात "कुठे?" असं विचारतो आणि लोक क्षणभर गप्प होतात. हरी रांगेत उभा राहिला. मला तिथे थांबवेना म्हणून मी शेजारच्या मुख्तारभाईंच्या दुकानात गेले. दोरखंड, सुंभ, शिडाचं कापड असं ते विकतात. आबांची आणि त्यांची तीस वर्षांची दोस्ती. दुपारचा चहा आबा कधी आपल्या ऑफिसात प्यायले नाहीत. आबा गेले त्यानंतर मुख्तारभाई बांद्याला लेकीकडे गेले होते, ते आदल्या दिवशीच परतले होते.

"ये गो बाय, बस." त्यांनी सुंभाची गुंडाळी पुढे सरकवली. "तुझो भाव चललो?"

"चललो. आबांनी तेच्यासाठी मुंबैक एका कॉलेजात विचारल्यानी होता, धंद्याचां शिकवतत थंय. उत्तर इलां. तो अर्ज भरतलो."

मुख्तारभाई माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोणासाठी?"

"हरीसाठी."

"हरीसाठी नाय ता."

मी गुंडाळीवरून पुढे सरकले, हे मला कबूल करायला हवं. मला वाटलं, आता ते माझं नाव घेणार.

ते उठले, स्टूल लावून माळ्यावर चढले. आबांच्या ऑफिसचं छप्पर गळायचं म्हणून जुन्या फायली इथे ठेवलेल्या असत. आबा प्रत्येक पत्राखाली कार्बन घालायचे, घरच्या पत्राखालीसुद्धा. मुख्तारभाईंनी 'किरकोळ' असं लिहिलेली फाईल काढली, फुंकर मारली आणि वरचंच पान माझ्यासमोर धरलं. "माका इंग्रजी येणा नाय. पण हयच बसान लिवल्यान, ह्याच गुंडाळीवर. वाचान दाखवल्यान पण माका, आपल्या भाषेत करून."

आबांची इंग्रजी कंपनीच्या पत्रांवरून शिकलेली, ताठ आणि बरोबर. मी वाचलं. मी एका व्यक्तीच्या वतीने चौकशी करीत आहे. ही व्यक्ती एकतीस वर्षं एका उघड्या बंदरात, जिथे बोट धक्क्याला लागत नाही, उतारू आणि सामान चढवण्या-उतरवण्याची व्यवस्था पाहत आहे. या काळात एकही उतारू बुडालेला नाही. सामानावर खुणा करण्याची पद्धत त्याच घरातल्या दुसऱ्या एका व्यक्तीने बसवून दिली, आणि तेव्हापासून नऊ वर्षांत एकच ट्रंक हरवली आहे. ही व्यक्ती मॅट्रिक आहे. हेच काम शास्त्र म्हणून शिकवलं जातं असं वर्तमानपत्रात वाचल्यावरून ते शिकण्याची तिची इच्छा आहे. वय सत्तावन्न. प्रवेशाची शक्यता कितपत आहे ते कृपया कळवावं.

बाहेर नवा एजंट कोणाला तरी "कुठे?" म्हणून विचारत होता.

"मी हसलंय तेका," मुख्तारभाई म्हणाले. "म्हटलंय, परशुराम, मेल्या, दाढी पांढरी झाली, आता पाटी-पेन्सिल घेतंस? तर म्हणता कसो, मुख्तार, मी काय जातंय थंय? मी फकत विचारतंय. माझ्या कामाक नाव आसा काय ता तरी कळाक व्हया."

मी पत्र पुन्हा वाचलं. म्हणजे ते उत्तर होकार नव्हतंच. पदवी आवश्यक आहे. ही अट पुरी होत असल्यास. एका मॅट्रिक माणसाला सभ्यपणे दिलेला तो नकार होता, आणि त्या नकाराच्या दोन बाजूंना आम्ही बहीणभाऊ बसून आपापला होकार वाचत होतो. ते वाचायला आबा नव्हते, हे चांगलं झालं की वाईट हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

त्यांनी मला निवडलं नव्हतं. हरीलाही नव्हतं. मग आता? मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं नव्हतं. कोणीतरी आधार काढून घेतला असं वाटत होतं, आणि तरीही मी उभी होते. 'त्याच घरातली दुसरी एक व्यक्ती' एवढं एक वाक्य होतं माझ्या वाट्याला. ते खरं होतं. ती पद्धत मीच बसवली होती.

बोटीचा भोंगा झाला. मी तो कागद हातात घेऊन धक्क्यावर धावले. शाळेतल्या बाईला धावताना लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं असेल. हरीचा पडाव सुटायच्या बेतात होता. बाबली तांडेलाने बांबू धक्क्याला लावून जोर दिला होता.

"बाबली, थांब रे!"

"काय गो बाय, डबो इसारलो काय?"

"दोन मिंटा थांब."

"भोंगो झालो, बाय. बोटीचो कप्तान माझो मेव्हणो नाय."

पण त्याने बांबू उलटा टेकवून पडाव धरून ठेवला. हरी माणसांतून वाट काढत काठाकडे आला. मी वाकून तो कागद त्याच्या हातात दिला. "वाच," मी म्हटलं. "वयाकडे बघ."

पडाव वरखाली होत होता आणि तो वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने तोंडावरून हात फिरवला. "आये म्हणत होती," तो म्हणाला.

"आमी हसलो."

"हसलो खरे." मग म्हणाला, "मगे आता काय?"

तिथे ते कसं सुचलं मला माहीत नाही. सुचलं असंही नाही, तोंडातून निघून गेलं. "हरी, माका जावचां आसा."

"मुंबैक?"

"त्या कॉलेजात. दोन वर्षां झाली, माझ्या मनात आसा."

"मगे माका अर्ज दिलंस कित्याक?"

"आबांनी तुझ्यासाठी विचारल्यानी असां वाटलां म्हणान."

"आणि आता तेंनी कोणासाठीच विचारूक नाय, तर तुका व्हयो?"

"व्हय."

तो रागावेल असं मला वाटलं. तो रागावलाही असेल, त्याचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. पडावात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मास्तरणीचां आणि तिच्या भावाचां काय असात ता बेगीन आटपा रे, माका लागता समुद्र." दोघंतिघं हसले.

हरीने पिशवीतून अर्ज काढला आणि उघडून माझ्यापुढे धरला. पहिल्या ओळीत शाईने लिहिलेलं होतं, हरिश्चंद्र परशुराम. खाली जन्मतारीख. "कालच भरूक घेतलंय," तो म्हणाला. "माकाय जावचां आसा, बाय. मी ह्यो सोडूचंय नाय."

"सोडू नको."

"तू दुसरो मागव. दोघा परीक्षेक बसूया. जेका बोलावतीत तो जातलो."

"दोघांक बोलावल्यानी तर?"

"तर आवशीक विचारूया. ह्या खेपेक हसूया नको."

"तुझो खोकलो..."

"खोकल्याचां माझां मी बघतंय. तू दया करून अर्ज देव नको माका." मग एकदम म्हणाला, "गणितात तू पुढे आसंस. इंग्रजी बोलण्यात मी. तुका काय वाटता, कोणाक घेतीत?"

"माका काय म्हायत?"

बाबलीने बांबू सोडला. आबांच्या पत्राची नक्कल हरीच्या हातातच राहिली होती. त्याने ती वर करून दाखवली, देऊ का म्हणून. मी नको म्हणून हात केला. त्याच्या ट्रंकेवर हिरव्या खडूने चौसष्ट लिहिलेलं होतं.

घरी गेल्यावर आईला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी होती. तिने आमसुलं कढीत टाकली, ढवळलं आणि म्हणाली, "माका सांगितल्यानी होता. पदवी नाय म्हणान पत्र घालूक लाजत होते. मीच म्हटलंय, घाला."

"मगे आमका नीट सांगूक नाय तां?"

"सांगितलंय. तुमी हसलास." मग म्हणाली, "तुमी दोघाय आठ दिस मेलेल्या माणसाक विचारतास. मी हय बसलंय ता कोणाक दिसणा नाय. माका एकटीक रवाक येता. मथुरा म्हणान माका नाव आसा."

मी तिच्या हातातली पळी घेतली आणि कढी ढवळू लागले. 

संध्याकाळी पोस्ट बंद व्हायच्या आत मला पत्र टाकायचं होतं, म्हणून लगेच लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं. पहिलं वाक्य तीनदा खोडलं. तिन्ही वेळा ते 'आमच्या घरातील एका व्यक्तीला' असंच सुरू होत होतं. चौथ्यांदा लिहिलं, मी सत्यवती परशुराम, वय बत्तीस, बी.ए., बी.टी., अकरा वर्षं शिक्षिका, आपल्या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करू इच्छिते. मग अनुभव लिहायचा होता. मालवण बंदर, उन्हाळी सुट्ट्या, नऊ वर्षं. उतारूंच्या सामानावर खुणा करण्याची पद्धत मी बसवली. इथे मी थांबले. एका खडूच्या रंगाला पद्धत म्हणायचं की नाही, याची मला खात्री नव्हती. आबांनी म्हटलं होतं. पण ते बाप होते, आणि शिवाय ते स्वतःची बाजू मांडत होते. मी ते वाक्य तसंच ठेवलं.

शेवटी विचारलं, पेशा बदलू पाहणाऱ्या माझ्यासारख्या बाईला प्रवेश मिळण्याची शक्यता कितपत आहे, हे कळवल्यास आभारी होईन. एक कोरा अर्ज पाठवावा.

उत्तर यायला बारा दिवस लागले. त्यात अर्ज होता आणि परीक्षेची तारीख होती. शक्यतेबद्दल एक अक्षर नव्हतं. मी आईला हाक मारून दौत कुठे आहे ते विचारलं.